अकरा नंबरला का बोलावलं नाही

४ जानेवारी

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

निवृत्त झालीस त्याच आठवड्यात घरचा फोन काढून टाकलास, म्हणून जी बातमी सगळ्यांना कधीच कळली ती तुला चार दिवसांनी कळतेय. मला पारितोषिक मिळालं! भाषाबदलाच्या परिषदेत, विद्यार्थी-संशोधकांमध्ये पहिलं. सत्तावीस निबंध होते. व्यासपीठावर जाताना एक चप्पल निसटली आणि मी एका पायात चप्पल घालूनच ते घेतलं, तेवढं सोडलं तर सगळं छान झालं.

यातलं निम्मं श्रेय तुझं. तुझ्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बाराजणींचं मी नेमकं काय केलं ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. चाळीस वर्षांपूर्वी आमच्याच विभागातल्या एक संशोधक बाई तुमच्या ऑपरेटर मुलींच्या विश्रांतीच्या खोलीत टेपरेकॉर्डर घेऊन बसल्या होत्या. त्या टेपांवर सगळ्या मुली नदीपलीकडची बोली बोलतात, आणि काय बोलतात! फोन जोडायच्या बोर्डावर बसल्या की नेमून दिलेली शुद्ध वाक्यं, उठल्या की घरचं बोलणं. आता सगळ्यांचा अंदाज असा, की निवृत्तीनंतर माणूस पुन्हा घरच्या बोलीकडे वळतो; मग दाखवायचं कोणाला? मी त्याच बायकांना तुझ्या जेवणाच्या टेबलाशी बसवून प्रत्येकीचं तासभर बोलणं टिपलं, तर बोलीचा मागमूस नाही. बाराच्या बाराजणी पुस्तकासारख्या बोलल्या. नोकरीनं घरची भाषा मुळासकट पुसली, असं इतकं स्वच्छ आजवर कोणाला सापडलं नव्हतं म्हणे.

आता प्रबंधासाठी एक काम. गाईड मॅडम म्हणतात, या बायका कशा निवडल्या आणि त्यांना आधी काय सांगितलं होतं, ते दोन ओळींत लिही. जमवाजमव तूच केलीस, तर तूच कळव. आणि जुन्या टेपांवर आवाज तेरा आहेत. तेरावी कोण, आणि ती का नव्हती?

तुझी,
टिटवी

११ जानेवारी

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून शेजारणीला हाक मारली आणि तिला दारात उभं करून पूर्ण वाचून दाखवलं. तिचा मुलगा नुसता पास झाला होता तेव्हा तिनं मला आठवडाभर ऐकवलं होतं. फिटंफाट झाली.

तुझ्या आईला सांग, बहिणीनं मुलीला वाढवलं नसलं तरी वळण लावलं. ती रागावेल. रागावू दे.

एक शब्द मात्र मला खटकला. ‘पुसली’ काय? आम्ही कोणाचं काही पुसलं नाही. मुली यायच्या तेव्हा तोंडात धोंडे असायचे. चार नंबर ‘नमस्कार’ म्हणायची ते भांडण काढल्यासारखं वाटायचं. (नावानं आम्ही एकमेकींना हाक मारलीच नाही, बोर्डाचा नंबर तोच नंबर, लग्नाच्या पत्रिकाही नंबर घालून यायच्या.) सुपरवायझर म्हणून त्यांना घासूनपुसून मी उभं केलं. साऱ्या शहराला वाटायचं की एक्स्चेंजमध्ये एकच बाई बसते आणि तिचा आवाज सदासर्वकाळ ताजातवाना असतो. हे काम होतं. तुमच्या निबंधात त्याला काय म्हणतात ते तुमचं तुम्ही बघा.

आधी काय सांगितलं? वेळेवर या आणि मोबाइल बंद ठेवा. दुसरं काय सांगणार?

तेरावी म्हणजे अकरा नंबर. तिची प्रकृती बरी नसते, ऐकूही कमी येतं. म्हातारीला कशाला त्रास, म्हणून बोलावलं नाही. तूही तिच्या वाटेला जाऊ नकोस.

दोन्ही चपला घालून फिरत जा.

तुझी मावशी

३० जानेवारी

प्रिय मावशी,

तुझं ऐकलं नाही. प्रबंधात ‘तेरावी आजारी’ असं लिहायचं तर निदान विचारपूस करावी, म्हणून निवृत्तांच्या यादीतून पत्ता काढला आणि गेले. पूल उतरून तिसरी गल्ली. दारावर पाटी, ‘बॅगा व चेन दुरुस्ती’. तुझी आजारी म्हातारी स्टुलावर चढून वरच्या फळीवरून सुटकेस ओढत होती. ऐकू कमी येतं म्हणाली होतीस, म्हणून मी ओरडून ओळख सांगितली.

ती म्हणाली, “हळू बोल, पोरी. माझी निम्मी नोकरी तळघरात गेली. कान अजून कोरे आहेत.”

हे तिनं तिच्या बोलीत म्हटलं. मी आपलं माझ्या भाषेत लिहितेय. दोन तास ती त्याच बोलीत बोलत होती, जुन्या टेपेवर बोलते अगदी तशी. मला वाटलं, ठीक आहे, एक अपवाद सापडला. तेवढ्यात गल्लीतून कोणीतरी जावयाला शिव्या घालत आलं, त्याच बोलीत, तीही इतकी रसाळ की मी पेन शोधायला लागले. दारात सात नंबर! माझ्या रेकॉर्डिंगमध्ये जिच्या तोंडी बोलीचा एक शब्द नाही, ती. मला पाहिलं आणि त्याच श्वासात वाक्याचा शेवट बदलून म्हणाली, “तसे ते स्वभावाने फार सालस आहेत.” अकरा नंबर इतकी हसली की तिला स्टुलाचा आधार घ्यावा लागला.

मला हसू आलं नाही. सात नंबरनं माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, “बाईंना सांगू नकोस हं. दोन दुपारी सराव करून घेतला होता त्यांनी. सगळ्यावर पाणी पडेल.”

मावशी, सराव कसला? मी बाराजणींशी बोलत होते तेव्हा तू आत चहा करत होतीस. बारा वेळा चहा, तासतासभर. तू आत नेमकं काय करत होतीस?

टिटवी

३ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

सराव म्हणजे सराव. डोळे फाडण्यासारखं त्यात काय आहे? साहेब पाहणीला येणार असले की आदल्या दिवशी तयारी करून घेत नाहीत का? मी बाराजणींना दोन दुपारी बोलावलं, चहा-बिस्किटं दिली, एकेकीला खुर्चीत बसवून विचारलं, बालपण सांगा, लग्न सांगा, नोकरीचा पहिला दिवस सांगा. घसरल्या तिथं टेबलावर पेन्सिल आपटली, म्हणजे त्या थांबत आणि नीट सांगत. पूर्वीही अशीच शिस्त होती. तू आलीस तेव्हा मी स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून आत बसले. हो, पेन्सिल घेऊन. पुरावा हवा असेल तर पेन्सिलही पाठवते.

आणि मला दोष देण्याआधी एवढं सांग, तू मला कधी सांगितलंस की तुला काय मोजायचंय? म्हणालीस, ‘मावशी, तुझ्या मैत्रिणींचं बोलणं टिपायचंय.’ मला वाटलं, चांगलं बोलणं टिपायचंय. वाईट कोण टिपून ठेवतं? माझी भाची विद्यापीठातून येणार, मशीन लावणार, परगावच्या विद्वानांपुढे ते वाजवणार, आणि माझ्या हाताखालच्या बायका त्यात गल्लीतल्यासारख्या बोलणार! लोक कोणाला हसले असते? तुझ्या आजोळालाच हसले असते.

झालं ते झालं. पारितोषिक कपाटात ठेव आणि प्रबंध पुरा कर. बाराजणी गप्प राहतील. मी सांगितलं की राहतात. सात नंबरची जीभ फार सैल झाली आहे, तिच्याकडे बघते मी.

अकरा नंबरच्या सांगण्याला किती किंमत द्यायची, ते तुझं तू ठरव. तिला कामावरून एकदा शिक्षा झालेली आहे.

मावशी

६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

रागानं लिहायला बसले होते. पण रागावण्याचा हक्क मला उरलेला नाही, तो कसा ते सांगते.

चार नंबरच्या रेकॉर्डिंगमध्ये अठराव्या मिनिटाला ‘टक्’ असा आवाज येतो. ती वाक्य अर्धं टाकते आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगते, धुऊन, इस्त्री करून. बाराजणींच्या बोलण्यात मिळून असं एकोणतीस ठिकाणी होतं. काल मोजलं. पण ऐकलं होतं तेव्हाच, मावशी. वर्षापूर्वी, एकटी, कानाला हेडफोन लावून. स्वतःला म्हटलं, आत भांडं पडलं असेल. एकोणतीस वेळा भांडं पडलं! मी ते तुकडे ‘व्यत्यय’ म्हणून कापून टाकले. माझा आलेख इतका सरळ येत होता, इतका कोणाचाच आला नव्हता, आणि त्याला बोट लावायची मला भीती वाटली. परिषदेत लोक टाळ्या वाजवत होते तेव्हाही मला आतून माहीत होतं की काहीतरी कुजकं आहे. चप्पल उगीच निसटली नाही.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, “गप्प बसलीस तर जूनमध्ये पदवी. बोललीस तर आणखी एक वर्ष, आणि लोक काही काळ तुला याच गोष्टीनं ओळखतील. काय कर ते मी सांगणार नाही. सांगितलं तर ते माझं होईल.”

तू म्हणतेस, अकरा नंबरला शिक्षा झाली होती. मी पुन्हा जाऊन तिला विचारलं. म्हटलं, बाईंनी तुम्हालाच का बोलावलं नाही? ती चेन ओवत होती, वर न बघता म्हणाली, “ते तिनं सांगायचं. मी तेव्हाही नाही सांगितलं, आता का सांगू?”

तेव्हा म्हणजे कधी, मावशी?

टिटवी

२ मार्च

टिटवे,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. चार पत्रं लिहिली आणि फाडली. चारही उत्तम होती, शुद्धलेखनाची एक चूक नाही. खोटी होती, एवढंच.

तुझी आजी नदीपलीकडची. मीही. नऊ वर्षांची असताना मला कॉन्व्हेंटमध्ये फुकट जागा मिळाली म्हणून आम्ही पूल ओलांडून अलीकडे राहायला आलो. तिथल्या सिस्टर मला भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं वाचायला उभं करत, आणि पलीकडचा एक सूर निघाला की पान पहिल्यापासून. वर्षभरात माझ्या बोलण्यातून नदी गेली. मला त्याचा अभिमान वाटला, म्हणून घरी येऊन मी तेच आईला शिकवायला लागले. पाहुण्यांसमोर ती बोलली की मी तिच्याकडे बघायचे. नुसती बघायचे. हळूहळू आईनं बोलणंच आवरतं घेतलं. तुझी आई माझ्यानंतर पंधरा वर्षांनी झाली. ती सगळ्यांना कौतुकानं सांगते, ‘आमची आई फार अबोल होती.’ आई अबोल नव्हती. मी तिला गप्प केलं होतं.

आता अकरा नंबर. मी सुपरवायझर झाल्यावर दुसऱ्या वर्षी, एका दुपारी, वरचे साहेब पाहणीला आले. सुपरवायझरला कोणत्याही मुलीच्या लाइनवर कान लावता येई, ते कामच होतं. साहेब दुसरा हेडसेट लावून माझ्या शेजारी उभे राहिले आणि मी अकरा नंबरची लाइन घेतली. औषधाच्या दुकानातून एक बाई परगावी फोन जोडून मागत होती. नवऱ्याला दवाखान्यात नेलंय, मुलाला कळवायचंय. घाबरली होती, आकडे उलटसुलट सांगत होती, आणि बोली अगदी पलीकडची. पहिल्याच शब्दाला मी ओळखलं. आईचा आवाज कोणाला कळत नाही?

नियम असा, की ग्राहकाशी ठरलेली सात वाक्यंच बोलायची. अकरा नंबरनं सातही सोडली आणि तिच्याच बोलीत म्हणाली, “रडू नका आई, मी आहे ना. एकेक आकडा सांगा.” आई शांत झाली. साहेबांनी नाक मुरडून हेडसेट काढला आणि म्हणाले, “काय ही भाषा!”

मी हसले, टिटवे. माझी आई रडत होती आणि मी साहेबांबरोबर हसले.

तेवढ्यात आई लाइनवर म्हणाली, “माझी लेकच तिथं मोठी बाई आहे. तिला नका सांगू हं, कामात असेल.” साहेब पुन्हा कान लावतील या भीतीनं मी हात घालून वायर उपटली. लाइन तुटली. वहीत लिहिलं, अकरा नंबर, कामावर अशुद्ध भाषा, नियमभंग.

आईनं तासभर थांबून पुन्हा फोन मागितला. बाबा त्या खेपेला वाचले, म्हणून पुढं कोणी काही विचारलं नाही. संध्याकाळी घरी आई मला म्हणाली, “तुमच्यातली एक पोरगी फार गुणाची आहे गं. पण फोन मध्येच तुटला, तिचं नाव विचारायचं राहिलं.” मी पानं वाढत होते. वाढत राहिले.

अकरा नंबरची चौकशी झाली. ‘लाइनवर बाईंचीच आई होती’ एवढं ती म्हणाली असती तर सुटली असती, आणि मी कायमची उघडी पडले असते. तिनं सांगितलं, “चूक झाली.” माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिला बोर्डावरून काढून तळघरात जुन्या डिरेक्टऱ्या बांधायला बसवलं आणि निवृत्त होईपर्यंत ती तिथंच राहिली. मी रोज तिच्या डोक्यावरच्या मजल्यावर चालत होते.

म्हणून बोलावलं नाही. ती माझ्या टेबलाशी बसून बोलली असती, तर किती पेन्सिली आपटणार होते मी?

तुझ्या आईला हे दाखवायचं की नाही, ते तू ठरव. मला धीर नाही.

मावशी

९ मार्च

प्रिय मावशी,

परिषदेच्या समितीला कळवलं. सराव, पेन्सिल, आणि मी कापलेल्या एकोणतीस जागा, सगळं. पारितोषिक परत पाठवलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, त्यात ‘प्रामाणिकपणाबद्दल’ असा शब्द होता आणि तो वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विभागात आता सगळे माझ्याशी फार जपून बोलतात. पदवी पुढच्या वर्षी, मिळाली तर. सगळं पुन्हा टिपायचंय, त्यांच्या घरी जाऊन, आणि मुख्य म्हणजे तुझ्याशिवाय.

तुला माफ केलं, असं लिहायला बसले होते. पण माफ करणारी मी कोण? तुला वायर उपटावी लागली. मी नुसतं बटण दाबलं. आणि माझ्या शेजारी तर कोणी साहेबही उभा नव्हता.

आईला अजून काही सांगितलं नाही. सांगेन.

तू अकरा नंबरकडे जाशील का? मी बरोबर येणार नाही.

टिटवी

२१ मार्च

चि. टिटवीस आशीर्वाद.

गेले. पुलावरून चालत, मध्ये दोनदा थांबून. दमले म्हणून थांबले असं समज.

दुकानात सात नंबर आणि चार नंबर बसल्या होत्या. मला पाहताच दोघी ताडकन उठून उभ्या राहिल्या. सत्तरीला टेकलेल्या बायका, एकीचा गुडघा धड वाकत नाही, आणि उभ्या! इतक्या वर्षांत मला कधी तशी लाज वाटली नव्हती. अकरा नंबर उठली नाही. मांडीवरच्या बॅगेत तिचा हात होता तो तसाच राहिला.

मी सगळं सांगितलं, त्या दोघींच्या देखत. आई, साहेब, हसणं, वायर, वही. एका दमात. इतकं व्यवस्थित निघालं की माझं मलाच ऐकू आलं, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.

अकरा नंबर म्हणाली, “हे साहेबांना सांगायचं झालं. आता मला माझ्या भाषेत सांगा.”

मी तोंड उघडलं. शब्द मला सगळे येतात. डोक्यात ते आईच्या आवाजात वाजतात. पण जिभेवर आले ते नकलेसारखे, नाटकात नट खेडवळ बाईचं सोंग आणतो तसे. दोन शब्दांवर थांबले. तिसरा काढला असता तर तो आईचा अपमान झाला असता. तिघीही हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुझ्या कामाचं म्हणून लिहिते. तुझा निष्कर्ष अगदीच खोटा नव्हता. नोकरीनं आणि शाळेनं जिची बोली मुळासकट गेली अशी एक बाई आहे. तिला तू टेबलाशी बसवलंच नाहीस. ती दाराआड पेन्सिल घेऊन बसली होती. मशीन घेऊन ये. मी सराव न करता बसेन.

अकरा नंबरनं पायानं एक स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि त्या दोघींना म्हणाली, “तुम्ही का थांबलात? बोला की.” चार नंबरनं चाचरत माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग ती बोलायला लागली, मग सात नंबर, सुनेचं, पाण्याचं, कोणाच्या तरी मोडलेल्या लग्नाचं. तासभर ऐकत बसले. माझ्यामुळे कोणी बोलणं बदललं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं असावं. अकरा नंबर माझ्याशी पुन्हा काही बोलली नाही. तिनं माफ केलं असं समजू नकोस, मीही समजत नाही.

निघताना दारात उभी राहून मी “येते” म्हणाले. तेवढा एक शब्द दोन्ही काठांवर सारखाच आहे.

तुझी मावशी